एकादशीचा चमचा

मंडळी, ज्येष्ठातल्या एका सकाळी मी माशाच्या तेलाची बाटली देव्हाऱ्यापासून लांब, पडवीत नेऊन ठेवली. माझ्या धाकट्या लेकीचे, यमूचे पाय वाकत चालले होते, म्हणून डॉक्टरांनी ती दिली होती. रोज चमचाभर घेतलं तर तीन महिन्यांत गुण येईल, म्हणाले होते.

आता आश्विन लागला, तरी पोर भिंत धरूनच चालते. आज तिला पुन्हा रत्नागिरीला डॉक्टरांकडे नेलं.

"रोज देता ना?"

"सोमवार, चतुर्थी, एकादशी सोडून. मासळीचंच ना ते. श्रावणात तर नाहीच."

"भाऊ, उपास तुमचा की पोरीचा?" डॉक्टर म्हणाले. मग हळू आवाजात, "आता पाय सरळ होतील असं वाटत नाही."

तुमच्यापैकी कोणी असे दिवस गाळतंय का?

आज एकादशीच आहे. घरी येऊन बाटली देव्हाऱ्यात ठेवली, हात जोडले आणि यमूला चमचाभर तेल पाजलं.