पुसलेल्या तीन ओळी

"कोट्यातून आलेल्या माणसाचा कोड आहे. बंद पडणारच."

सांगलीच्या ऑफिसात मालकाचा पुतण्या नऊ माणसांसमोर हे म्हणाला. सात जण हसले. मी मोजले. तो सव्वीसचा, मी सत्तेचाळीसचा. तरी मला अरेतुरे.

काम दूध संकलनाच्या मोबाइल ॲपचं. सहा वर्षं मी ते जावात लिहिलं. त्याने येऊन कॉटलिन ही नवी भाषा आणली. एकाच ॲपमध्ये दोन्ही भाषा चालतात, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. फक्त सांध्यावर जपावं लागतं. यंत्राने दुधाची फॅट मोजली नाही, तर माझा जावा कोड मुद्दाम रिकामं उत्तर देतो. त्यावर मराठीत तीन ओळींची टीप होती. पुतण्याने ती पुसली. म्हणे, "गावठी दिसतं." मग उत्तर येणारच असं धरून पुढचं कॉटलिनमध्ये लिहिलं. रिकामं उत्तर आलं, की ॲप बंद.

मेढ्याहून डेअरीचे व्यवस्थापक आले होते. "आवं, लोकं कॅन घिऊन हुबी ऱ्हात्यात. आमी सांगायचं काय त्यास्नी?"

पुतण्याने छापील कागद माझ्यापुढे सरकवला. चूक माझी, असा कबुलीजबाब. "सही कर. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

"व्हय," मी म्हणालो. पेन उचललं.

आणि तो शब्द मलाच ऐकू आला. माझे वडील कडेगावात मेलेली जनावरं ओढायचे. कुणी दारातून ओरडलं, की लांब उभं राहून म्हणायचे, "व्हय जी." चूक कुणाचीही असो. तोच आवाज. माझ्या तोंडातून.

पेन खाली ठेवलं. भिंतीवरच्या पडद्यावर कोडचा इतिहास उघडला. कुणी, कधी, कोणती ओळ पुसली, सगळं तिथे राहतं. वर पुतण्याचं नाव. खाली माझ्या ओळी. व्यवस्थापकांनी त्या मोठ्याने वाचल्या.

"फॅट मोजली गेली नाही तर इथून काहीच येत नाही. शून्य धरू नये. शेतकऱ्याचं दूध फुकट जाईल."

ते पुतण्याकडे वळले. "ह्ये तर मलाबी कळतंय. पुसलंस कशाला रं?"

कुणी हसलं नाही. माफीही कुणी मागितली नाही. पुतण्या लॅपटॉप मिटून निघून गेला.

कागद सहीविनाच राहिला. त्या तीन ओळी मी परत घातल्या. मराठीतच. आजवर खाली नुसती आद्याक्षरं लिहायचो. या वेळी पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. पुसल्या तर पुन्हा घालीन. नोकरी जायची तर जाईल. दुसऱ्याच्या चुकीखाली माझी सही मिळणार नाही.