देवरावच्या मुलीचा रक्तगट

साल दोन हजारच्या आसपास आमच्या कंपनीचा कॅम्प धानोऱ्याच्या पुढे जंगलात होता. मी मेडिक, मूळचा साताऱ्याचा. प्रत्येक जवानाच्या खिशावर नाव आणि खाली रक्तगट शिवलेला असे. त्यामुळे पोरांनी ठरवूनच टाकलं होतं, आडनावासारखा गटही बापाकडून येतो. मी ऐकायचो, हसायचो आणि सोडून द्यायचो. चुकलंच माझं.

मार्कंड्याकडचा शिपाई देवराव बायकोला, सुनंदाला, नेमाने पत्र लिही. मुलगी झाली, महिनाभरात पत्रं बंद. मंजूर झालेली रजाही गड्याने नाकारली. मी त्याला मेडिकलच्या तंबूत बोलावून चांगलं झापलं.

"पोरीले कावीळ झाली, तं रक्त तपासलं," तो खाली बघत म्हणाला. "ओ निघालं. माहा गट बी, सुनंदाचा ए. मंग ओ कुठून आला भाऊ?"

"अरे येड्या, एवढ्यासाठी?"

मी लंगरमधून चवळीचे दाणे आणून त्याच्यापुढे मांडले. "प्रत्येकाकडे असे दोन. एक आईकडचा, एक बापाकडचा. ए आणि बी दिसतात. ओ त्यांच्याआड गप बसतो. तुमच्या दोघांकडचे गप बसलेले पोरीला मिळाले. तुझ्या आईचा गट माहीत आहे?"

तो थबकला. "ओ. चंद्रपूरले तिले रक्त लागलं होतं. माह्यं चाललं नाई. गेली माय."

"मग तिचा ओ तुझ्यात असणारच. तोच पोरीला गेला."

"म्हणजे मायचं आलं माह्या पोरीत?"

एवढा धिप्पाड गडी, हुंदके देऊन रडला. माझेही डोळे भरले. त्याच दिवशी त्याने घरी येतोय म्हणून पत्र लिहिलं आणि सोमवारपासूनची रजा मागितली. मिळालीही.

शनिवारी सकाळी सव्वासातला रोड ओपनिंगला, म्हणजे रस्त्यात सुरुंग आहेत का बघायला, गेलेल्या पार्टीचा वायरलेस सेटवर आवाज आला. "ब्लास्ट. एक कॅज्युअल्टी. मेडिक पाठवा. ओव्हर."

मी पोचलो तेव्हा देवराव शुद्धीवर होता. मी पट्टी आवळत होतो.

"पत्र टाकलं नाई भाऊ. मीच नेणार होतो. खिशात आहे."

"बोलू नकोस."

हेलिकॉप्टर येईपर्यंत तो राहिला नाही. पहिलीच रजा घेतली असती तर त्याने लेकीला एकदा तरी मांडीवर घेतलं असतं. हे मला आजही खातं.

पत्र मी घरी नेऊन दिलं. सुनंदाबाईंनी ते उभ्यानेच वाचलं.

"मले वाटलं, पोरगी झाली म्हणून रुसले," त्या म्हणाल्या.

त्यांनी मुलीला छातीशी धरलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "येऊन राह्यले होते गं तुझे बाबा."