तीन पेडलांची गाडी

सत्तावन्नाव्या वर्षी मी स्पोर्ट्स कार घेतली. हे वाक्य रत्नागिरीत कोणालाही ऐकवा, ऐकणारा आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग विचारतो, आत बसता कसे? प्रश्न रास्त आहे. बसता येतं. उठण्याबद्दल पुढे सांगतो.

धंद्याने मी वकील. वकील म्हटलं की लोकांना खुनाचे खटले आठवतात. माझ्याकडे येतात ती प्रतिज्ञापत्रं, आणि आंब्याच्या एका कलमाच्या दोन फांद्या कोणत्या भावाच्या यावरून भांडणारे सख्खे भाऊ. तीस वर्षं हे केल्यावर माणसाला काहीतरी लाल आणि वेगवान हवंसं वाटलं तर त्यात माझा काय दोष? मुलगी लग्न होऊन गेली होती. घरात माणसं दोन, तेव्हा गाडीत सीटही दोनच पुरेत, असा युक्तिवाद मी बायकोपुढे केला. ती शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. असले युक्तिवाद तिने सातवीतल्या मुलांकडून खूप ऐकले होते. पण तिने विरोध केला नाही, कारण तिलाही त्या गाडीत काहीतरी दिसत होतं. ते काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच ही गोष्ट सांगताना पुढेपुढे मला नीट हसता येत नाही.

तिची आई पूर्णगडला. वय पंच्याऐंशीच्या पुढे, मुलगा मुंबईत, सोबतीला शेजारची एक बाई. सासूबाईंची आठवण दोनेक वर्षांपासून विरत चालली होती, आणि तिचा एक विचित्र नेम होता. पहाटे पाचला उठल्यापासून आठ वाजेपर्यंत त्या लख्ख असायच्या. लेकीला नावाने हाक मारायच्या, केस पांढरे होऊ दिलेस म्हणून बोलायच्या, पेज घे म्हणायच्या. आठ वाजले की हळूहळू सगळं पुसलं जायचं. तिकडची पहिली एसटीच साडेनवाची, ती गाठून बायको पोचायची तेव्हा त्या ओटीवर बसलेल्या असायच्या आणि अदबीने विचारायच्या, “तुम्ही कोणाकडच्या?”

बायको पूर्वी आमची जुनी गाडी स्वतः चालवत पहाटेच जायची. मग तिचा डावा गुडघा गेला. पूर्णगडच्या वाटेवरचे चढउतार आणि त्यात तो क्लच. जाऊन आली की गुडघा नारळासारखा सुजायचा. शेवटी डॉक्टरांनी क्लच बंद म्हणून सांगितलं. आईला रत्नागिरीत आणून ठेवायचा प्रयत्न दोनदा झाला. दोन्ही वेळा त्या पिशवी भरून गेटपाशी बसून राहिल्या. बायकोने तिथे मुक्कामाला जावं, तर इथे मी. मला साखर आहे, आणि भात लावता येत नाही. ती गेली की दुसऱ्या दिवशी मी फोन करून विचारायचो, मेतकूट कुठे आहे.

तर पुण्याच्या एका सेकंडहँड गाड्यांच्या विक्रेत्याकडे एकाच मॉडेलच्या, एकाच वयाच्या दोन गाड्या उभ्या होत्या. राखाडी होती ऑटोमॅटिक, पायाशी दोनच पेडलं. लाल होती गियरची, तीन पेडलं. विक्रेत्याने व्हिडिओवर दोन्ही दाखवल्या. राखाडी दाखवताना तो घरचा डबा दाखवावा तसा बोलत होता. लाल गाडीत बसून त्याने गियर पाडला आणि मला म्हणाला, काका, ज्याला गाडी कळते तो हीच घेतो. मला गाडीतलं काय कळतं? टायर बसला की कळतं. पण हे वाक्य मला तीस वर्षांत कोर्टात कोणी ऐकवलं नव्हतं.

बायको इतकंच म्हणाली, “राखाडी घेतलीत तर मी सकाळची जाऊन येईन. तुम्हाला उठवायलाही नको.”

आता सरळ माणूस काय करील? राखाडी घेईल. मी म्हटलं, देवावर सोडू.

आमचं मूळ गाव सावर्ड्याच्या अलीकडे, आत. घर बांधायचं, विहीर खणायची, मुलगी द्यायची, काहीही असो, ग्रामदेवतेला कौल लावल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. गुरव देवाच्या पाषाणावर उजवीकडे नि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत उभे राहतात. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माझा बेत असा की देवाने नाही म्हणावं, म्हणजे बायकोला मी नाही म्हटल्यासारखं होणार नाही.

गुरवाने विचारलं, बिनगियरची गाडी घ्यावी का. बायको हात जोडून उभी होती. मीही होतो, पण एक डोळा उघडा ठेवून. उजवी पाकळी पडली. अगदी लगेच, जणू देव वाटच बघत होता.

बायकोने नमस्कार केला. मी घसा खाकरला. साक्षीदाराने उलट जबाब दिला की काय करायचं हे मला पाठ आहे, प्रश्न फिरवायचा. मी गुरवाला म्हटलं, देवाला ऑटोमॅटिक म्हणजे काय ते नीट सांगितलं गेलं नाही, आता असं विचार, गियरची गाडी घेतली तर गाडीला काही अपाय होईल का?

गुरव माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही एकत्र आंबे चोरलेले. त्याने माझ्याकडे बघितलं. “एकदा सांगितलंन् ना देवाने? मग आता कशाला परत इचारताव?”

मी म्हटलं, विचार तर खरं. त्याने पाकळ्या बदलल्या. बऱ्याच वेळाने डावी पडली. अपाय नाही. मी बायकोकडे वळून समजावलं की पहिला कौल परवानगीचा होता, हुकूम नव्हता, आणि दुसऱ्याने लाल गाडीलाही ना नाही. वर शब्द दिला, अगदी देवळाच्या पायरीवर, की तू म्हणशील त्या पहाटे मी तुला नेईन. गुरव नारळ फोडत होता. फोडलेल्या नारळाचं पाणी त्याने मला न देता तिला दिलं.

लाल गाडी आली. आमच्या घराकडे वळणारी वाट जांभ्याची, मधोमध उंचवटा. पहिल्याच दिवशी गाडी त्यावर पोट टेकून डोलत राहिली, चारी चाकं हवेत असल्यासारखी. आळीतल्या सहा जणांनी ती उचलून अलीकडे ठेवली. त्यानंतर मी डिकीत दोन फळ्या ठेवू लागलो. घराबाहेर पडायचं म्हणजे फळ्या मांडा, गाडी काढा, फळ्या उचला. शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत, असं मला लोक विचारत. मी सांगायचो, फळ्या धरून अकरा मिनिटं.

आणि पूर्णगड? पहिल्या आठवड्यात दोनदा नेलं, अगदी साडेपाचला निघून. भाट्याचा पूल ओलांडताना मी दुसरा, तिसरा, चौथा गियर असा टाकला की बायकोच्या मांडीवरची आईसाठीची आंबोळ्यांची घडी उडाली. सासूबाईंनी दोन्ही दिवशी लेकीला ओळखलं. मला ओळखलं, गाडीला मात्र नाही. ही कसली रे खेळण्यातली, म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात एकदा. तिसऱ्यात माझी एक तारीख होती, मग सर्दी, मग आदल्या रात्री फळ्या पावसात भिजलेल्या. बायको मला उठवायची ती दाराशी उभी राहून, एकदाच. मी पाच मिनिटं म्हणायचो. ती पाच मिनिटं झाली की साडेसात वाजलेले असायचे. मग ती पिशवी उचलून एसटी स्टँडवर जायची.

त्यानंतर भाट्याच्या किनाऱ्यावर माझं ते गाडीतून उठण्याचं प्रकरण झालं. सकाळी फिरायला येणाऱ्यांचं आमचं एक टोळकं आहे, माझ्याखेरीज सगळे निवृत्त, सगळे खवचट. एका रविवारी त्यांना दाखवायला मी गाडी सुरूच्या झाडांपाशी झोकात आणून उभी केली आणि झोकातच उतरायला गेलो. उजवा पाय बाहेर आला, बाकीचा मी बाहेर आलो, डावा बूट क्लचच्या मागे अडकून आत राहिला. मी तसाच आडवा पडलो. घोट्यात काहीतरी कट्कन् वाजलं. टोळक्यातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांना वाटलं की हीच उतरायची पद्धत असावी. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घोटा दोन ठिकाणी मोडला होता. प्लास्टर, मग पट्टा, मग काठी, एकूण चार महिने. गाडीला मात्र ओरखडासुद्धा नाही. देव खोटं बोलला नव्हता. मी विचारलंच तेवढं होतं.

आता हिशेब असा झाला की घरात दोन डावे पाय, आणि दोन्ही क्लचला निकामी. राखाडी गाडी असती तर बायको पहाटे जाऊन दहापर्यंत परत आली असती. लाल गाडी पडवीत उभी, ताडपत्रीखाली. तिच्याजवळच मी आरामखुर्चीत, पाय स्टुलावर. बायको एकाची धूळ झाडायची आणि दुसऱ्याला चहा द्यायची. आळीतल्या एका रिक्षावाल्याला पहाटेचं सांगून बघितलं. तो दोन दिवस आला, तिसऱ्या दिवशी त्याचा फोन लागेना. मग माझ्या आंघोळीचं, इंजेक्शनचं आणि गोळ्यांचं आटपून साडेआठाला निघायचं, तेही आठवड्यातून दोनदा, असंच ठरून गेलं. पूर्णगडहून परतली की मी विचारायचो, कशा आहेत. ती सांगायची, बऱ्या आहेत. ओळखलं का, हे मी विचारत नसे. तिनेही ते कधी आपणहून काढलं नाही.

आईच्या सोबतीची बाई रोज सकाळी फोन करायची. पहाटेच्या त्या वेळात सासूबाई लेकीची वाट बघायच्या, असं ती सांगायची. पेज बाजूला काढून ठेवायला लावायच्या. फोन कानाला लावला की बोलायच्या, पण आवाजाला कसं ओळखायचं हे त्यांना समजत नसे. म्हणायच्या, समोर ये नि बोल. ही फोनवर सांगायची, येत्ये हां. मी आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग करून ऐकायचो. सोंग मी चांगलं करतो.

गणपतीनंतर पहाटेचा तो वेळही गेला. एके दिवशी बाईने सांगितलं की आता सकाळीसुद्धा कोणाला ओळखत नाहीत, पेजही बाजूला काढायला सांगत नाहीत. बायकोने फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले. निवडून झाले होते ते तांदूळ.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला फोन लावला. विक्रेता म्हणाला की ती राखाडी केव्हाच गेली, पण दुसरी एक ऑटोमॅटिक आहे, पांढरी, लाल परत घेऊन ती देतो. मी काठी टेकत स्वयंपाकघरात गेलो आणि मोठ्या उदारपणे जाहीर केलं की गाडी बदलायची, तुला चालवता येईल अशी घ्यायची, उद्याच कळवतो.

तिने गॅस बारीक केला. “कशाला? आता साडेनवाच्या एसटीने गेले तरी चालतंय.”

ती रागावून म्हणाली असती तर मी वाद घातला असता. वेळापत्रक सांगावं तसं तिने सांगितलं. मी पुण्याला काहीच कळवलं नाही. पांढरीही कोणीतरी घेतली असेल.

पाय जमिनीवर टेकायला लागला तसा मी एका मंगळवारी तिच्याबरोबर एसटीने गेलो. खिडकीची जागा तिने मला दिली, पाय लांब करता यावा म्हणून. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या, पूर्वीपेक्षा खूप लहान दिसत होत्या. बायकोने त्यांचे केस विंचरायला घेतले. त्यांनी केस विंचरू दिले, पण परक्या माणसासमोर बसावं तसा पदर सावरून. मग माझ्याकडे बघून विचारलं, हे कोण?

जावई म्हटलं असतं तर त्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन चहापाण्याला उठल्या असत्या. पूर्वी एकदा तसं झालं होतं. आणि मला सवय आहे, अवघड वेळी काहीतरी वात्रट बोलून सुटायची. मी म्हटलं, ड्रायव्हर.

त्यांनी मला नीट न्याहाळलं, काठीसकट. मग लेकीकडे बोट करून हळूच म्हणाल्या, “मग ह्या बाईंना जरा लवकर आणत जा. उन्हाच्या येतात बिचाऱ्या.”

बायकोची फणी थांबली नाही. मी हो म्हटलं.