कुणीही न वाचणारी दोन पानं

बर्निस कापेलोव्ह कुणावर म्हणून विश्वास ठेवत नसे, आणि एकोणीसशे चोपन्न सालच्या न्यूयॉर्कमध्ये त्यात तिचं काही चुकत होतं असंही नाही. तिच्या भावाला, सॉलला, कम्युनिस्ट हुडकून नोकरीवरून काढणाऱ्या सरकारी चौकशी समितीनं विचारलं, "शाळेत कम्युनिस्ट कोण कोण आहेत?" त्यानं नावं सांगितली नाहीत आणि बावीस वर्षांची मास्तरकी एका दुपारी संपली. त्याचं नाव समितीकडे पोचवलं होतं शेजारच्या वर्गावरच्या मास्तरनं. रोज सॉलच्या डब्यातलं लोणचं खाणारा तो हाच.

बर्निस विज्ञानकथांच्या एका कॉमिक मासिकात मुद्रितं तपासायची. दर अंकात चार चित्रकथा असत: कुठं कालयंत्र, कुठं अणुयुद्धातून उरलेला एकटा माणूस. शिवाय दोन पानं नुसता मजकूर. टपालाचा स्वस्त दर हवा तर तेवढा मजकूर पाहिजेच, असा पोस्टाचा नियम. मुलं ती पानं सरळ उलटायची, चित्रकार तर बघायचेसुद्धा नाहीत. म्हणून ती भरायचं काम नऊ वर्षं बर्निसच्या गळ्यात पडलेलं, तेही बिननावानं. बाई मनापासून लिहायची, पण कबूल करायची नाही.

सॉलचं दुःखही तिनं तिथंच उतरवलं. मंगळावरची वसाहत, आणि जो शेजाऱ्याचं नाव सांगेल त्याला श्वासाला जादा हवा. कळलं असतं तर तिचीही नोकरी गेली असती. पण कळणार कुणाला?

मग एके दिवशी मॅनी ग्राबोईस तिच्या टेबलाशी आला. चित्रांतल्या संवादांच्या फुग्यांमध्ये अक्षरं काढणारा हा अबोल माणूस.

"काय हो बाई, ते मंगळावरच्या हवेचं लिहितं कोण?"

बर्निसनं हातातलं मुद्रित पालथं घातलं. "का? तुम्हाला काय करायचंय?"

"सहज विचारलं."

सहज! ती पानं वाचतं कोण? ज्याला काही हुडकायचंय तोच. दुपारी मॅनी सँडविच आणायला खाली गेला, तेव्हा तिनं त्याचा खण उघडला. आत तिची सगळी पानं, कापून, तारखा घालून, ओळींखाली लाल पेन्सिल मारलेली.

ती तडक मालकाकडे, रोसॉफकडे गेली. "मॅनी आपल्याविरुद्ध कागद गोळा करतोय."

कॉमिक्सनं मुलं बिघडतात म्हणून तेव्हा गावभर बोंब चालली होती. रोसॉफ आधीच घाबरलेला. त्यानं कागद पाहायलाही मागितले नाहीत. तासाभरात मॅनी आपले टाक गुंडाळत होता.

"बायको आंधळी झाली माझी," तो बर्निसला म्हणाला. "चित्रं तिला काय कामाची? ती दोन पानं वाचून दाखवतो. आवडलेल्या ओळी परत ऐकायच्या असतात, म्हणून खुणा. म्हणते, लिहिणाऱ्याला एकदा जेवायला आणा. तुम्हाला खरंच ठाऊक नाही, कोण लिहितं?"

"नाही."

"बरं. आणि माझं नाव साहेबाला कुणी सांगितलं?"

"मला काय माहीत," बर्निस म्हणाली.