खसखशीच्या फुलांची सुरई

सुरई मिळाली, तर ती आबांच्या हयातीत मिळावी, एवढ्यासाठी मी भर उन्हाळ्यात पुणं सोडलं. आबा माझे थोरले बंधू. जुनी मद्यपात्रं जमवण्याचा नाद त्यांचा. घरात दारूचा थेंब कधी आला नाही, पण पेल्या-तबकांनी बाहेरची खोली भरलेली. वहिनी त्या भांड्यांना शिवत नसत. दारूची भांडी माजघराचा उंबरा ओलांडणार नाहीत, हा त्यांचा दंडक. आबांचा जीव अडकला होता तो बिदरीच्या सहा पेल्यांत. काळ्याभोर धातूत चांदीची खसखशीची फुलं! त्यांची सुरई तेवढी हरवलेली. हुबेहूब तशी सुरई निजामाच्या मुलखात, मांजरसुंब्याजवळच्या एका देशमुखांच्या घरी आहे, असं बीडच्या वकील मित्रानं कळवलं. आबांना आता कूसही बदलवत नव्हती. "एकदा हातात धरू दे रे," एवढंच म्हणाले. मित्राकरवी निरोप धाडला आणि निघालो.

नगरपर्यंत आगगाडी, पुढं बैलगाडी. सरहद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर (जकातीची चौकी) शिपायानं माझी पेटी उपसली. नमुन्याला घेतलेला पेला वर आला.

"पीते क्या, पंडितजी?" त्यानं डोळा मिचकावला.

नाही म्हणालो, तर तो आणखीच हसला. कप्पाळ माझं!

कड्याला मुक्काम केला. गाडीवान म्हादूनं बाजरीची भाकरी आणि येसूर (भाजलेल्या धान्य-मसाल्याची झणझणीत आमटी) आणली. ओरपता ओरपता नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

"मालक, एका भांड्यापायी येवढ्या लांब? कावून?"

"भाऊ आजारी आहे. त्याला दाखवायचंय."

"मंग दवा न्यायची सोडून..." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. मला राग आला, कारण आतून मलाही तेच खात होतं.

बीड मागं पडलं. पुढं नुसता तापलेला काळा खडक आणि करपलेलं गवत. घाटात चाकाची लोखंडी धाव निखळली. सारी दुपार एका बाभळीखाली काढली आणि त्या धावेला शिव्या घातल्या.

संध्याकाळी देशमुखांचा वाडा गाठला, तेव्हा देशमुखीणबाई ओसरीवर आल्या. यजमान दारूपायी गेलेले. मी पेला पुढं ठेवला. फुलं पाहताच त्यांचा चेहरा उतरला. आत जाऊन त्यांनी एक ताट आणलं, वरचं फडकं काढलं. ताटात राखाडी गोळा होता. त्यातून चांदीच्या वाकड्या तारा डोकावत होत्या.

"दादा, आमचे मालक ह्याच्यातूनच प्यायचे. तुमी पुन्याचं बामनाचं मानूस. असलं बाटलेलं भांडं तुमच्या हातात कसं द्यावं? म्हनून काल इस्तवात (विस्तवात) घातलं. पितळंला आमी तसंच करतो. ही मातूर बसलीच खाली. लई वाईट झालं, दादा."

पितळ विस्तवात तापतं, निवतं आणि शुद्ध होऊन वापरात येतं. बिदरी जस्ताची, चुलीच्या धगीत ती टिकत नाही. हे त्या बाईंना कुणी सांगावं? मला ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं कुणावर? त्यांनी माझा मानच राखला होता. मी गोळा पंच्यात बांधला आणि उठलो.

पुण्याला पोचलो, तेव्हा आबांनी गोळा दोन्ही हातांत घेतला. मी सगळं सांगितलं. त्यांचा अंगठा चांदीच्या तारेवरून कितीतरी वेळ फिरत राहिला.

"वजन पुरतं आहे," ते म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

वहिनी दाराशीच उभ्या होत्या. "विस्तवातून निघालाय ना?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. त्यांनी आबांच्या हातातून तो अलगद काढून घेतला आणि आत नेला.

आबांनी पुन्हा काही मागितलं नाही. ते गेले तेव्हा गोळा माजघरात होता आणि पेले बाहेरच्या कपाटात.