मीठ चढणारं शहर

"फिक्कं हाय बाई तुमचं पानी."

एवढं बोलून सर पेला अर्धवटच टेबलावर ठेवायचे. मग पिशवीतून गावाहून आणलेली बाटली काढायची आणि तिच्यातलं पाणी घटाघटा प्यायचं. अकोल्यातल्या एका लहानशा वाचनालयाची मी ग्रंथपाल. आल्यागेल्याला पाणी विचारते, आणि सगळे निमूट पितात. नावं ठेवणारा हा एकच गृहस्थ.

सर पूर्णेकाठच्या एका खेड्यात चित्रकला शिकवत. तो सगळा खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीचं पाणी तुम्हीआम्ही तोंडात घेतलं तर थुंकून टाकू. सर मात्र त्यावरच वाढलेले, त्यामुळे गोडं पाणी त्यांना बेचव लागे.

आमच्याकडे ते यायचे जुन्या मासिकांसाठी. रद्दीत जाणारे गठ्ठे मी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवी. घराच्या पुढच्या खोलीतल्या भिंतीवर ते कात्रणं चिकटवून सिंधूकाठचं पुरातन शहर उभारत होते. बिस्किटांच्या जाहिरातींतून विटा निघत, एखाद्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावातून ते मोठं स्नानकुंड. नाचणाऱ्या मुलीच्या हातभर बांगड्या सोनाराच्या पानातून आल्या होत्या. दाढीवाल्या पुरुषाची शाल म्हणजे लग्नाच्या शालूचा काठ होता, आणि त्याला ती शोभतही होती.

अडायचं ते चेहऱ्यांशी.

"हसून राहिलेली मानसं नको, बाई."

"अहो सर, मासिकात न हसणारा माणूस कुठून आणू?"

"पाहा तं खरं."

आम्ही दोघं पानं चाळत बसायचो. साबण हातात धरला तरी लोक हसतात, पंख्याखाली बसले तरी हसतात. शेवटी न हसणारे सापडले ते औषधांच्या जाहिरातींत. कुणाचं डोकं दुखत होतं, कुणाचा गुडघा, कुणाचं पोट. सर खूश झाले. "हे बराबर हायेत," म्हणाले. त्यांच्या शहरात सगळे असे दुखणेकरी राहायला आले, याचं मी पुष्कळ हसू केलं. तेव्हा हसू येत होतं.

मग एकदा त्यांच्या घरी गेले. भिंत पाहून थक्क झाले, पण नजर खाली गेली आणि तिथेच अडकली. तळाशी लोणा लागला होता. रंगाचे पोपडे सुटले होते आणि खालच्या विहिरी, गटारं, रस्ता यांच्यावर पांढरी भुकटी चढली होती. बोटाला लागली ती मी नकळत जिभेवर ठेवली. मीठच होतं.

"घर ह्याच पान्यात बांधलं न," सर म्हणाले. "दर पावसाळ्याले जरासं वर येते."

"मग फळीवर करा की! असं डोळ्यांदेखत का खाऊ देता?"

"फळीवर केलं तं खोटं होईन, बाई. त्या खऱ्या शहराच्या विटा बी मीठच खाऊन रायलं."

आणि सर भिंतीवरची माणसं हलवत होते. ओल्या फडक्याने एकेक कात्रण हलकेच सोडवायचं आणि एक मजला वर चिकटवायचं. रस्त्यावरचा गुडघेदुखीवाला जिन्यात आला होता. डोकं धरलेली बाई खिडकीत गेली होती. "वरतं सरकवून रायलो त्याईले," असं त्यांनी अगदी सहज सांगितलं. मला तिथे बसवेना. चहा घेतला आणि मिळाली ती बस धरली.

पुढल्या खेपेला सर वाचनालयाच्या पायऱ्या चढले ते चपलेचा मागचा पट्टा सोडून. पाय सुजले होते. किडन्या निम्म्याहून जास्त गेल्यात असं डॉक्टर म्हणाला होता. पहिलं काम, पाणी बदला.

"मग बदललं का?"

"जार आणला होता. फिक्कं लागते." आणि त्यांनी पिशवीतून तीच बाटली काढली.

मी ती ओढून घेतली. खूप बोलले, पोरांना बोलावं तसं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, मग हात पुढे केला. "द्या, बाई. तहान लागली हाय." एवढा राग मला कुणाचा आला नव्हता, आणि एवढी भीतीही वाटली नव्हती. बाटली मी परत दिली. करणार तरी काय?

त्या पावसाळ्यानंतर ते आले नाहीत. त्यांचा गठ्ठा माझ्या कपाटाशी वाढत राहिला. दवाखान्यात भेटले तेव्हा सुयांनी हात काळानिळा झाला होता आणि पाणी मोजून मिळत होतं. नर्सने चमचाभर घशात सोडलं. सरांनी डोळे मिटले. "गोड हाय," म्हणाले. आठवड्याच्या आत गेले.

मी भेटायला गावी गेले. वहिनींनी, सरांच्या बायकोने, पुढच्या खोलीत बसवलं. भिंतीवरलं शहर जवळजवळ पांढरं झालं होतं. स्नानकुंडाचा निळा रंग कुठेच नव्हता. सगळी माणसं वरच्या गच्चीवर दाटीवाटीने उभी होती. नाचणारी मुलगी, शालूवाला, पोट धरलेला म्हातारा. त्यांच्या वर छताची तुळई होती, सरकायला जागा नव्हती. खालच्या रांगेच्या पावलांशी मीठ पोचलं होतं.

"झाडतानी एकेक खाली पडलेलं सापडते," वहिनी म्हणाल्या. "फेकवत नाई."

त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. दुःखाच्या घरात पाणी नाकारता येत नाही. मी घोट घेतला. तो घशाखाली उतरायला वेळ लागला.

"वहिनी, जार घेत नाही का हो?"

"घेतला होता. फिक्कं लागते न, बाई."

मी पेला अर्धवटच खाली ठेवला. चहा टाकायला वहिनी उठल्या, भिंतीला हात लावून सावकाश आत गेल्या. त्यांच्या चपलेचा मागचा पट्टा सुटा होता, आणि फरशीवर घासत चालला होता.