आईच्या हिंदीतली छुट्टी

आईचं हिंदी हा आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत करमणुकीचा विषय होता. लग्न होऊन ती दिल्लीला आली, वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण तिचं हिंदी सांगलीहून हललं नाही. मराठीत विचार करायचा आणि शेवटी 'है' लावायचं, एवढंच. भाजीवाल्याला ते कळायचं, त्यामुळे तिचं काही अडलं नाही.

वडील गेल्यावर तिच्या सोबतीला आम्ही झारखंडची एक मुलगी ठेवली. असेल अठरा-एकोणीसची. एजन्सीमार्फत आली होती, आणि एजन्सी म्हणजे एक माणूस आणि त्याचा फोन. तिला दारात सोडताना त्यानं बजावलं, लड़की सीधी है, बाहर मत भेजना. आमच्या मजल्यावरच्या बायकांचंही तेच मत. मुली बाहेर पडल्या की एकमेकींना भेटतात आणि भेटल्या की बिघडतात म्हणे. या बायका स्वतः रोज संध्याकाळी खाली बाकांवर अड्डा जमवत आणि त्यांचं मात्र काही बिघडत नसे. मला त्यांचा अजून राग येतो.

मुलीनं आमच्याकडे एकच गोष्ट मागितली, तीही फ्रिज पुसताना, तोंड आत ठेवून. रविवारी चर्चला जाऊ का? तिची मोठी बहीण नोएडातल्या एका कोठीत, म्हणजे बंगल्यात, कामाला होती आणि तिला महिन्यातून एखादा रविवार चर्चपुरता मिळायचा. दिल्लीत आल्यापासून दोघींची भेट नव्हती. आईनं विचारही केला नाही. "तुझ्या बाबांना रविवार होता, तुला आहे, मग हिला का नसावा?" असं ती मला म्हणाली, जसं काही मीच अडवत होते.

त्या रविवारी मुलीनं केसांना तेल लावलं, पिवळा सलवार-कमीज घातला. आईनं बहिणीसाठी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मी बाजारात गेले आणि नेमका त्या माणसाचा फोन आला, लड़की कैसी है, म्हणून. मी परतल्यावर आईनं आपलं उत्तर मला अभिमानानं ऐकवलं.

"चर्च गई है. हमने उसकी छुट्टी कर डाली, आज से."

मराठीत आपण रविवारची सुट्टी करून टाकली म्हणतो, तेच तिनं उचलून हिंदीत ठेवलं होतं. हिंदीत एखाद्याची छुट्टी कर डालना म्हणजे त्याला कामावरून काढून टाकणं.  मी लगेच एजन्सीवाल्याला फोन लावला, तो कुणी उचलला नाही. त्या माणसाला आईचं बोलणं खरंच तसं कळलं की सोयीचं वाटलं, कोण जाणे. मला विचाराल तर सोयीचं वाटलं. मुलगी नव्या घरी लावली की त्याला नवं कमिशन मिळायचं.

मुलगी परत आली नाही. आईनं तिचं ताट झाकून ठेवलं होतं. सकाळी फोन लागला तेव्हा तो माणूस थंडपणे म्हणाला की छुट्टी तर माताजींनीच केली, मी तिला दुसरीकडे काम लावून दिलं. कुठे, ते सांगेना. पोलीस चौकीत आईचं हिंदी ऐकून हवालदार हसला. निकाल भी दिया, ढूँढ भी रहे हो, म्हणाला. काढून टाकलेली मुलगी आपली पेटी टाकून जाते का, असं मी चिडून विचारलं. त्यावर त्यानं मलाच सल्ला दिला की पेटी उघडून बघा, घरातलं काही गेलंय का.

मग आम्ही दर रविवारी त्या चर्चच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहू लागलो. बहीण भेटली तोवर थंडी सुरू झाली होती. तिच्या तोंडून कळलं की तो माणूस त्या दिवशी चर्चबाहेरच येऊन उभा होता. आंटीजींनी तुला काढलं, आता तिकडे जाऊ नकोस, असं त्यानं सांगितलं आणि मुलीनं ते मानलं. आता ती गुडगावला कुठेशी होती. त्यानं बहिणींचं एकदाच फोनवर बोलणं करून दिलं होतं.

आईनं पेटी बहिणीच्या हातात दिली आणि आपल्या हिंदीत तिला समजावू लागली. निकाला नहीं, बेटा, छुट्टी दी, इतवार की छुट्टी. पुन्हा पुन्हा तेच सांगत होती. मला तिचं हिंदी आयुष्यात पहिल्यांदा असह्य झालं. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं, रागावली नाही.

मी विचारलं, नव्या घरी तिला रविवार मिळतो का?

"माँगती ही नहीं, दीदी," ती म्हणाली. "बोलती है, छुट्टी माँगो तो छुट्टी कर देते हैं."